चावऱ्या नळाशेजारचा प्लग पॉइंट

मित्रांनो, मी एक जुना प्लग पॉइंट आहे. आज खिडकीत पडून असलो, तरी माझं सारं आयुष्य मागच्या अंगणातल्या भिंतीत गेलं, नळापासून हातभर वर. माझं तोंड तीन भोकांचं. खालची दोन विजेची. वरचं मोठं अर्थिंगचं. चुकार वीज माणसाच्या अंगात न जाता जमिनीत जावी, म्हणून.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! पाण्याचा पंप आणि कपड्यांचं मशीन माझ्याच जिवावर चालायचं. "हा आहे म्हणून माझे हात वाचले," असं घरातल्या आजी शेजारणींना सांगायच्या.

पावसाने भिजू नये, म्हणून बाबांनी माझ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. मायेनेच बांधली हो! पण तिच्यात दमट हवा कोंडली, मला आतल्या आत घाम सुटला आणि अर्थिंगची तार गंजून तुटली. वरून मात्र मी ठणठणीत दिसत होतो.

मग ओल्या भिंतीतून वीज नळापर्यंत झिरपू लागली. नळाला हात लावला की झिणझिण्या! मला कुठलं बोलता येतंय? त्या झिणझिण्या हीच माझी हाक होती. पण घराला तिची सवय झाली. नळाशी रबरी चपलांचा एक जोड कायमचा येऊन बसला. "आमचा नळ चावरा आहे, चपला घाला," असं पाहुण्यांनाही सांगत आणि सगळे हसत.

घरातली ठमी तेव्हा नुकतीच चालू लागली होती. एका सकाळी ती अनवाणी, डुलत डुलत नळाकडे निघाली. तिची आई कपडे वाळत घालत होती. हातातला ओला सदरा मातीत टाकून ती धावली. ठमीचं बोट नळाला लागणार, तोच आईने तिला उचललं.

"अगं, जरासं झिणझिणलं असतं, एवढंच," आजी म्हणाल्या.

"आजी, आपण चपला घालतो. हिला कोण सांगणार?" ठमीची आई म्हणाली.

"थांब, मी टेस्टर लावून बघतो," ठमीचे बाबा म्हणाले.

"तुम्ही काही लावू नका! आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा."

"अगं, पण मशीनमध्ये कपडे अर्धे..."

"राहू देत अर्धे."

वायरमनने पिशवी सोडली, तर आतून पाणीच ओघळलं. "पॉइंट झाकलात की शिजवलात?" तो म्हणाला. माझ्या जागी त्याने झाकणाचा नवा पॉइंट बसवला आणि अर्थिंगची तार नीट जोडली. वीज वाट चुकली की आपोआप बंद होणारा स्विचही लावला. दिवेलागणीला ठमीच्या आईने त्याचं तपासणीचं बटण स्वतः दाबून पाहिलं. घर अंधारलं, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. शेवटी वीज पुन्हा सुरू करून वायरमनने मीटर लावून नळही तपासला. मगच ठमीच्या आईने चपला काढल्या, आधी स्वतः नळ सोडला आणि नंतर ठमीचे हात पाण्याखाली धरले.

मित्रांनो, तुमच्या घरात कशाला हात लावून मुंग्या आल्या, तर त्याला पुन्हा हात लावू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर ऐकेपर्यंत सांगा.

आमच्या नळापाशी आता चपला नसतात.