सांध्यात उरलेले कॅडमियम

मित्रांनो, मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत दाराआडच्या कोपऱ्यात एक करडी पेटी आहे. तुम्ही आत आलात तर तिला जुना मायक्रोवेव्ह समजाल. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना वर्णपटमापक आहे. सोने किती खरे आणि त्यात काय मिसळले आहे, हे ओळखणे माझे काम.

हे काम ऐकायला अवघड, पण समजायला सोपे आहे. माझ्या पोटात दागिना ठेवून झाकण लावतात आणि मी त्याच्यावर क्ष-किरण सोडतो. किरण लागले की प्रत्येक धातू आपापले उत्तर देतो. सोन्याचे उत्तर वेगळे, तांब्याचे वेगळे, चांदीचे वेगळे. ही उत्तरे पडद्यावर डोंगरांच्या रांगेसारखी उमटतात. शिखर कुठे आले यावरून धातू कळतो, किती उंच आले यावरून त्याचे प्रमाण. दागिन्याला ओरखडाही पडत नाही. मात्र माझी नजर खोल जात नाही. दागिन्याचा वरचा पातळ थर तेवढा मला दिसतो.

माझा जन्म परदेशी कारखान्यातला. तिथून मी घाटकोपरच्या एका हॉलमार्क केंद्रात आलो. लोक माझ्यापुढे श्वास रोखून उभे राहत. सराफ म्हणत, मशीनने सांगितले म्हणजे संपले. सणासुदीला तर मला उसंत नसे. मग माझ्यापेक्षा चपळ यंत्र आले, आणि मला प्लास्टिक गुंडाळून जिन्याखाली ठेवले. वर झाडू आणि रंगाचे डबे. तिथल्या अंधारात कितीतरी हातांतून उतरलेल्या दागिन्यांची शिखरे मला आठवत राहिली. त्यांतले बरेच दागिने गेलेल्या माणसांचे होते. मुले ते मोडीत घालायला आणत. सोन्याचा आकडा मी बरोबर सांगत असे, पण ते कोणाचे होते हे मला कधी कोणी विचारले नाही.

पद्मजाने मला तिथून सोडवले. ती रसायनशास्त्रज्ञ. नवे यंत्र घेण्याइतकी ऐपत त्या प्रयोगशाळेची नव्हती, म्हणून तिने मला मागून घेतले. माझी धूळ तिने स्वतः पुसली, आणि एवढ्या हलक्या हाताने की मला वाटले, हिला दागिने घडवणाऱ्यांच्या घरची सवय असावी. तसेच होते. तिचे वडील श्यामकांत वाकोल्याला सोनारकाम करत. कुडाळहून आलेले हे कुटुंब चाळीतल्या एका खोलीत राहायचे. पुढे शेगडी, मागे संसार. पद्मजा लहान असतानाच तिची आई, रत्नप्रभा, दम लागून लागून गेली. डॉक्टरांनी आधी क्षय म्हटले, मग दमा म्हटले.

पद्मजाचे संशोधन झाळीवर होते. दागिन्याचे दोन तुकडे जोडायला सोनार जो मिश्रधातू वापरतो, ती झाळ. पूर्वी त्यात कॅडमियम घालत. ते घातले की झाळ कमी आचेवर वितळते, पाण्यासारखी फटीत शिरते आणि सांधा दिसतही नाही. दुकानांवरच्या पाट्यांवर 'केडीएम' लिहिलेले असायचे, ते हेच. पण सोने वितळण्याच्या कितीतरी आधी कॅडमियम उकळते आणि त्याचा तपकिरी धूर होतो. तो धूर फुफ्फुसात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. नियमाने आता ते वापरायचे नाही. तरी दुरुस्तीच्या लहान कामांत ते चालते, कारण तो दागिना पुन्हा तपासायला कोण नेतो?

जस्त आणि इंडियम हे धातू घालून पद्मजा नवी झाळ बनवत होती. एक घाण रंगाची झाली, एक ठिसूळ निघाली, एक फटीत शिरेचना. प्रत्येक नमुना माझ्या पोटातून जाई. अखेर एक झाळ जमली. ती घेऊन पद्मजा वाकोल्याला गेली, कारण वडिलांची शेगडी आता तिचा धाकटा भाऊ नितेश चालवत होता. नितेशने झाळ ठेवून घेतली आणि जुनी केव्हाच बंद केल्याचे सांगितले. पद्मजाने विश्वास ठेवला.

मग नितेशच्या मुलीचे, दिशाचे, लग्न ठरले. आजीच्या पाटल्या मोडून तिच्यासाठी नवे काही घडवायचे होते. नितेश त्या आपल्याच शेगडीवर वितळवणार होता. पद्मजा म्हणाली, आधी माझ्याकडे आणा. एका दुपारी नितेश वडिलांना घेऊन आला. श्यामकांतना जिना चढवेना. दर वळणावर ते थांबत होते. वरपर्यंत त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि पद्मजा दार धरून तो ऐकत उभी होती.

पाटल्या त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेल्या, लग्नानंतर बायकोसाठी. पद्मजाने एक पाटली सांधा वर करून माझ्या पोटात ठेवली. सोन्याचे शिखर उभे राहिले. तांब्याचे आले. चांदीचे आले. आणि चांदीच्या खांद्याला लागून आणखी एक शिखर हळूहळू वर आले. गर्दीत कोणी मागून येऊन उभे राहावे, तसे.

मग श्यामकांतनी विचारले, "ह्या शेवटचा कसला?"

"कॅडमियमचं, बाबा."

ते पडद्याकडे बघत राहिले. थांबत थांबत बोलू लागले. रत्नप्रभा रोज त्यांच्या शेजारी बसून भाता चालवायची. खिडकी लावून घ्यायची, कारण वाऱ्याने ज्योत हलते. धुराने तिला मळमळायचे, तर ती लिंबू हुंगायची आणि पुन्हा बसायची.

"पद्मा, माका खरा सांग. ती तेनाच गेली?"

"झाळीत कॅडमियम होतं, एवढं हे मशीन सांगतं. आईला काय झालं ते त्याला सांगता येत नाही."

"मशीनाक नको विचारू. तुका काय वाटता?"

पद्मजाने त्यांचा हात हातात घेतला. "मला वाटतं, धुरानेच गेली. तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. तेव्हा सोनारांत कोणालाच माहीत नव्हतं."

माझ्याबद्दल ती म्हणाली ते खरे होते. सांध्यात जेवढे उरले तेवढेच मला दिसते. जे उडाले ते माणसांत गेले, आणि तिथे माझी नजर पोचत नाही.

नितेश खिडकीपाशी उभा होता. त्याच्याकडे न बघता पद्मजाने त्याच्या बोटातली अंगठी मागितली. ती त्याने गेल्या आठवड्यातच सांधली होती. तो काढेना. वडिलांनी नुसता तळहात पुढे केला, तेव्हा त्याने काढून दिली. पडद्यावर तेच शिखर आले, आईच्या पाटलीतल्यापेक्षा उंच.

"नवी झाळ फटीत धावत नाही गं ताई," नितेश म्हणाला. "आच वाढवावी लागते, काम जळतं. गिऱ्हाईक थांबत नाही."

"आणि लवू?" पद्मजाने विचारले. लवू त्यांचा कारागीर, नितेशच्याच वयाचा. "त्याचा खोकला किती दिवस आहे?"

नितेशने वळून खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजाने नेहमीप्रमाणे माझी रिकामी चाचणी घेतली. पोटात काहीच नव्हते. तरी चांदीच्या शेजारच्या त्या जागी एक बारीक उंचवटा आला. तिने मला आतून पुसले, माझ्या किरणांच्या खिडकीवरची पातळ पट्टी बदलली, पुन्हा चाचणी घेतली. उंचवटा होताच. यंत्र जुने झाले की असा गोंधळ होतो, असे ती स्वतःशीच म्हणाली. मला तसे वाटले नाही; मला ती पाटली आठवत होती. अजूनही कधी कधी तो येतो, आणि मग ती काही वेळ पडद्यासमोर नुसती बसून राहते.

पुढचे मला नितेशच्या तोंडून कळले. त्याच सकाळी श्यामकांत वाकोल्याच्या खोलीत शेगडीजवळ जाऊन बसले. बायकोच्या जुन्या जागेवर. ओरडले नाहीत. लवूला त्यांनी रत्नप्रभाची सगळी हकीकत सांगितली, अगदी लिंबापर्यंत. ऐकता ऐकता लवूने फुंकणी खाली ठेवली. मलाही मळमळतं, तो म्हणाला, मला वाटलं जागरणाने. तो कामावरून उठून गेला, आणि त्या दिवशी नितेशने शेगडी पेटवली नाही.

जुन्या झाळीचा डबा घेऊन नितेश पद्मजाकडे आला. त्यानेच लवूला इस्पितळात नेले. लवूच्या फुफ्फुसांवर डाग निघाले आणि मूत्रपिंडही कमजोर झाले होते. आता तो शेगडीपासून दूर, पॉलिशचे काम करतो. खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. नितेशने खोलीत धूर ओढणारा पंखा बसवला आणि नवी झाळ धावायला लागेपर्यंत पद्मजाने तिचे प्रमाण पुन्हा पुन्हा बदलले.

पाटल्यांचा प्रश्न राहिला होता. श्यामकांत म्हणाले, त्या तशा दिशाच्या हातात जाणार नाहीत. पण वितळवायच्या तर तो धूर पुन्हा निघणार. शेवटी पद्मजाने त्या इथेच वितळवल्या, काचेच्या बंद कपाटात, जिथला धूर नळाने ओढून गाळला जातो. मी समोरच होतो. श्यामकांत काचेजवळ खुर्चीवर बसले होते, नितेश त्यांच्यामागे. मुशीतल्या पाटल्या मऊ झाल्या, त्यांचा गोल आकार गेला, आणि सांध्याच्या जागेवरून तपकिरी धुराची एक बारीक रेघ वर निघाली. हवेने ती लगेच ओढून नेली.

मित्रांनो, तुम्ही दागिना घ्याल तेव्हा सोने किती खरे, हे जरूर विचारा. पण तो जोडला जात असताना शेजारी कोण बसले होते, खिडकी उघडी होती का, हेही विचारा. माझ्यासारख्या यंत्राला ते विचारता येत नाही.

श्यामकांत काचेला कपाळ टेकून बराच वेळ बघत राहिले. धूर केव्हाच संपला होता.

"एवढोच?" ते म्हणाले.