धुऊन, इस्त्री करून

पुडक्याचं सील फोडलं आणि खोलीभर साबणाचा वास पसरला. शिंपीकाकांनी कात्री टेबलावर आदळली.

"घ्या! धुऊन पाठवलाय."

कॅमेरा लावत असलेल्या फोटोवाल्या बाईंनी वाकून पाहिलं. तपकिरी कागदात एक निळा शर्ट होता, दुकानातून आणावा तसा घडी घातलेला. कॉलर ताठ, बाह्यांना धार.

"नुसता धुतला नाही काका, इस्त्रीपण केलीय."

"मग अत्तर तेवढं का राहिलं? तेही शिंपडायचं!"

त्यांना सगळे शिंपीकाका म्हणत, पण जन्मात त्यांनी एक रुमालही शिवला नव्हता. संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या प्रयोगशाळेत ते कपडे तपासत. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड कापलं गेलं की फाटलं, चाकूनं की खिळ्यानं, ओढाताण झाली की नाही, हे धाग्यांच्या टोकांवरून सांगायचं, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं काम. "मेलेल्यांचे कपडे इतके निरखून बघता, मी नवीन काही घातलं तर आठ दिवसांनी विचारता, हे कधीचं?" असं बायको म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दर वर्षी ते सगळ्या पोलीस ठाण्यांना एक परिपत्रक पाठवत. कपडे धुऊ नका. ओले बांधू नका. प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. पहिली सूचना ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. पण पालथ्या घड्यावर पाणी! कधी बुरशीचा गोळा यायचा, कधी तिघांचे कपडे एकाच पिशवीत. एकदा तर मृताच्या कपड्यांत हवालदाराचा स्वतःचा मोजा निघाला होता आणि तो परत मागायला हवालदार दोनदा येऊन गेला होता. पण इस्त्री करून आलेला नमुना मात्र काकांनी पहिल्यांदाच पाहिला.

चडफडत त्यांनी सोबतचं पत्र वाचलं. शर्ट लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाचा होता. तो आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून पडून गेला. पोलिसांनी 'पाय घसरला' असं लिहून चौथ्या दिवशी कपडे आईच्या हातात ठेवले आणि प्रकरण मिटवलं. पुढे आईच्या कानावर आलं की त्या दुपारी गच्चीवर त्याची ठेकेदाराशी झोंबाझोंबी झाली होती. तिनं दहा महिने उंबरे झिजवले. शेवटी कोर्टानं फेरतपासाचा हुकूम दिला, तेव्हा कुठे पोलिसांना कपड्यांची आठवण झाली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

शवविच्छेदनाच्या कागदात एकच ओळ कामाची होती: 'शर्टाचे वरून दुसरे बटण नाही, तेथे कापड फाटलेले.' कुणी शर्ट छातीपाशी धरून ओढला होता का, एवढंच पोलिसांना आता हवं होतं. पोराला कुणी ढकललं की तो आपण होऊन पडला, याचा सगळा निवाडा त्या एका फाटक्या जागेवर येऊन अडला होता.

काकांनी शर्ट उलगडला. सगळी बटणं जागच्या जागी होती.

दुसरं बटण किंचित जास्त निळं होतं. त्याच्या भोवतीचं कापड इतकं बारीक रफू केलं होतं की मायक्रोस्कोपखाली धरल्यावरच कळलं. सुटलेले धागे कातरून टाकलेले, कडा आत दुमडलेल्या, टाके मुंगीच्या पावलांएवढे.

"काय हात आहे हो बाईचा!" फोटोवाल्या बाई म्हणाल्या.

"हात चांगला आहे म्हणूनच वाट लागली," काका म्हणाले. "धागे कसे तुटले ते त्यांच्या टोकांवरून कळतं. टोकं कातरली. आता मी काय वाचू, माझं कपाळ?"

दुपारी मोठे साहेब डोकावले. "धुतलेला, शिवलेला नमुना. 'मत देता येत नाही' लिहा आणि मोकळे व्हा. मागे आठशे पुडकी पडलीत."

"एकदा उसवून बघतो."

"काय मिळणार त्यात?"

"बहुतेक काहीच नाही," काका म्हणाले आणि सुई शोधायला लागले.

उसवायला दोन दिवस लागले. एक टाका काढायचा, फोटो घ्यायचा, मग पुढचा. त्या आईनं एकही टाका सैल ठेवला नव्हता. सुईचं टोक आत शिरायला जागा मिळेना, आणि काका मनातल्या मनात कधी तिला, कधी पोलिसांना, कधी स्वतःच्या चाळिशीला शिव्या घालत होते. अधूनमधून मात्र त्यांचा हात आपोआप थांबायचा. मुलगा गेल्यावर तिनं बसून हे टाके घातलेत, हे त्यांना आठवायचं आणि आठवल्याबद्दल पुन्हा राग यायचा.

आतून एक ठिगळ निघालं. रंग जुळावा म्हणून शर्टाच्याच खालच्या दुमडीतून कापलेलं. त्याच्याखाली, कोपऱ्यात, जिथे कात्री पोचली नव्हती तिथे सहा धागे जसेच्या तसे होते. लांब ओढले गेलेले, टोकाशी बारीक झालेले, सगळे एकाच दिशेला कललेले. पडताना सळईबिळईला अडकून कापड फाटतं ते बहुधा काटकोनात. हे तसं वाटत नव्हतं.

"काका, हे कुणीतरी ओढलंय," फोटोवाल्या बाई हळूच म्हणाल्या.

"मलाही वाटतंय. वाटण्यावर कोर्ट चालत नाही. सहा धाग्यांवरून छातीठोक काय सांगू? साठ असते तर नावानिशी सही केली असती."

त्यांनी अहवालात 'बहुतेक ओढल्यामुळे' असं लिहिलं. साहेबांनी 'बहुतेक' वर बोट ठेवलं. अर्धा तास वाद झाला आणि काकांनी हात टेकले, कारण साहेबांचं चुकत नव्हतं. शेवटी राहिलं ते असं: 'बटण जोराने ओढले जाऊन कापडासह निघाले आहे. ते कोणी ओढले की पडताना अडकले, याविषयी धुलाई व दुरुस्तीमुळे निश्चित मत देता येत नाही.'

तिसऱ्या दिवशी पहारेकरी सांगत आला, "शर्टवाल्या मुलाची आई आलीय. भेटता येत नाही म्हटलं, तरी खिडकीपाशी उभीच आहे."

नातेवाइकांना भेटणं नियमात बसत नव्हतं. तरी काका उठले. सत्तावीस वर्षांचं सगळं परिपत्रक आज एका दमात ऐकवायचं, असं ठरवूनच ते निघाले.

खिडकीच्या जाळीपलीकडे साठीच्या आसपासची बाई उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"शर्ट पोचला का साहेब? स्वच्छ आहे ना? दोनदा थंड पाण्यात भिजवला होता. गरम पाण्यानं डाग पक्का होतो."

काकांच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच राहिलं. परिपत्रक ठाण्यांना जातं. आईला कोण पाठवणार?

"स्वच्छ आहे, ताई."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "मी धुतला म्हणून काही बिघडलं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण उद्या ठेकेदाराचा वकील भर कोर्टात तिला हाच प्रश्न विचारणार, आणि तेव्हा तिच्या बाजूला कुणी असेल-नसेल.

"हो," काका म्हणाले. "बिघडलं. चूक तुमची नाही. कपडे तुमच्या हातात द्यायलाच नको होते. पण बिघडलं."

जाळीची कड तिनं घट्ट धरली.

"तुम्ही आतून ठिगळ लावलं होतं ना, त्याच्याखाली थोडे धागे वाचले. तेवढ्यावरून जे सांगता आलं, ते मी लिहिलंय. पुरेसं नाही. पण लिहिलंय."

"ठिगळाखालचं?" ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही ते उसवलंत."

"उसवावं लागलं."

"कापड नाही ना फाटलं?"

"नाही. एक धागा तुटू दिला नाही."

तिनं मान हलवली. मग पर्सची चेन उघडून आतून निळ्या दोऱ्याचं एक रीळ काढलं आणि जाळीखालच्या फटीतून पुढे सरकवलं. "या रंगासाठी चार दुकानं पालथी घातली. शर्टाबरोबर ठेवून द्या. केस संपेपर्यंत मी असेन-नसेन. परत कुणाला दिलात, तर त्याला शिवता येईल."

काकांनी रिळाकडे पाहिलं. नमुन्यासोबत बाहेरची कुठलीही वस्तू ठेवू नये. परिपत्रकातली पाचवी सूचना, त्यांनीच लिहिलेली.

"घेता येत नाही, ताई."

"दोराच आहे साहेब."

"माहीत आहे. तरी घेता येत नाही."

तिनं रीळ परत पर्समध्ये ठेवलं, चेन ओढली, आणि ती नीट लागली की नाही हे बोट फिरवून पाहिलं.