दुपारची इस्त्री

ताई भावाच्या घरी आली ती एकच पिशवी घेऊन. ट्रंक तिने मुद्दाम जुन्या शेजारणीकडे ठेवली होती. "चार दिवस राहते आणि जाते," असं दारातच जाहीर करून टाकलं. जायचं कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती राहत होती ती इमारत पाडायला काढली होती आणि तिच्या खोलीचं दार कुणीतरी चौकटीसकट उचलून नेलं होतं. पण आयुष्यात कधी कुणापुढे हात न पसरलेल्या बाईला एकदम 'आले बाबा कायमची' असं म्हणवतं होय? जीभच रेटत नाही.

भाऊ कारखान्यातला फिटर, नुकताच निवृत्त झालेला. ताई त्याला ठोक्या म्हणायची, कारण लहानपणी हाताला लागेल ते तो ठोकत बसायचा. आई-वडील गेले तेव्हा तो एवढासा होता आणि ताई जेमतेम कळत्या वयाची. तिने लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं आणि त्या इस्त्रीवर भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही, आणि कुणी काढलेला तिला खपायचाही नाही.

तर या ठोक्याने आणि त्याच्या बायकोने मिळून गावाच्या कडेला घर बांधलं. मिळून म्हणजे खरोखरच, स्वतःच्या हातांनी. भिंती हातभर जाड, आत दाबून भरलेलं वाळलं गवत, वरून मातीचा गिलावा. उन्हाच्या बाजूला मोठ्या खिडक्या, त्यांना दुहेरी काचा. खाली काळी फरशी, ती दिवसभर तापायची आणि संध्याकाळी पायांना ऊब द्यायची. छपरावर सौर पॅनेलं, जिन्याखालच्या कपाटात बॅटऱ्या. बाहेरच्या विजेची तार घरात घेतलेलीच नव्हती. "एकदा तार आली की माणूस आळशी होतो," असं भावाचं म्हणणं. भावजय म्हणायची, "तार नाही आली, पण सवत आली ना घरात." सवत म्हणजे ती पॅनेलं. रोज सकाळी नवरा शिडीवर चढून ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसायचा. बायकोला इतक्या वर्षांत कधी एवढं कौतुकाने विचारलं नव्हतं म्हणे.

घराची एक रीत होती. जे काही जड काम, ते ऊन डोक्यावर असताना. पंप दुपारी, धुलाई यंत्र दुपारी, मिक्सर दुपारी. भात विजेच्या शेगडीवर उकळी येईपर्यंत ठेवायचा आणि मग भांडं तसंच गवताने भरलेल्या पेटीत बंद करायचं, संध्याकाळपर्यंत तो आपोआप शिजून गरम राहायचा. रात्रीला फक्त दिवे, फ्रीज आणि पंखा. नवरा-बायकोच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पाहुण्याला सांगायला हवं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ताईचं मात्र या घरात काही केल्या बूड टेकेना. भांडी घासायला गेली की भावजय हातातून काढून घ्यायची. "वन्सं, तुम्ही बसा हो." केर काढायला गेली की भाऊ म्हणायचा, "ताई, बस की जरा." बस म्हणे. ज्या बाईने उभं आयुष्य उभ्यानेच काढलं, तिला बस म्हणणं म्हणजे जा म्हणण्यासारखंच. ती बसायची, पण खुर्चीच्या कडेवर. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात ना, तशी. पाहुणी किती दिवस गोड लागते, हाच विचार डोक्यात. आपण या घराला काही कामाचे नाही, आणि जे कामाचं नाही ते एक दिवस अडगळीत जातं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

मग तिला कपाटात इस्त्री सापडली, आणि शेजारी चुरगळलेल्या कपड्यांचा हा ढीग. भावजयीला इस्त्रीचा मनापासून कंटाळा. ताईचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातचं काम, जगात कुणी शिकवू नये असं.

पण दुपारी करायचं कसं? दुपारी पंप चालू, धुलाई यंत्र चालू, घरात नुसती गडबड. उगाच आपली आणखी गर्दी कशाला, असा तिने विचार केला. लाँड्रीतही ती पहाटे जायची, उजाडायच्या आत अर्धे गठ्ठे उरकायची. पहाटे कुणी काही वापरत नाही, तेव्हा सगळी वीज मोकळीच असणार. किती साधा, किती समजूतदार हिशेब. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने टेबलावर चादर अंथरली आणि सगळा ढीग संपवला. भावाच्या कामाच्या पँटींना घड्या पाडल्या, टॉवेलसुद्धा सोडले नाहीत. शेवटच्या उशीच्या खोळीवर इस्त्री थंड पडली. तिला वाटलं, बिघडली.

भाऊ उठला तर दिवा लागेना. फ्रीज मुका. चहाची किटली मुकी. त्याने जिन्याखालचं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. रात्रभर पुरवून पुरवून वापरलेल्या बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. बॅटरी अशी पार रिकामी झाली की तिचं आयुष्य घटतं, आणि तो तर त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपायचा. तो बाहेर आला, टेबलावरची चवड बघितली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ताई, तुला कुणी सांगितलं होतं हे?"

तेवढंच. आवाजसुद्धा चढला नव्हता. पण सबंध आयुष्यात तो ताईशी असं बोलला नव्हता. ताईने इस्त्रीची वायर गुंडाळली आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली. आपण उपकार करायला गेलो आणि घर अंधारात घातलं. आपल्याला घेऊन या लोकांनी करायचं तरी काय?

भावजयीने पिशवी बघितली आणि तरातरा अंगणात गेली. तिथे तिने नवऱ्याला जे सुनावलं, ते खिडकीची काच दुहेरी नसती तर ताईलाही ऐकू आलं असतं. मग आत येऊन गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, आज बॅटऱ्या भरू देत. उद्या दुपारपर्यंत थांबा, मग खुशाल जा." ताईला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाने ताईला हाताला धरून जिन्याखाली नेलं. माफी मागणं त्याला जमणारच नव्हतं, लहानपणीही जमलं नाही. त्याने कपाटातल्या छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ. बॅटऱ्या भरल्या. टाकी भरली. कपडे धुऊन झाले. भात पेटीत गेला. आता वर पॅनेलं नुसती ऊन खात बसली आहेत."

"मग त्या विजेचं काय करता?"

"काही नाही. वाया जाते."

"रोज?"

"ऊन असेल त्या रोज. आम्ही दोघं माणसं, वापरून वापरून किती वापरणार? कसली जड कामं आणायची?"

ताईने असं काही कधी ऐकलंच नव्हतं. खळ उरली तर तिच्यात दुसऱ्याचे कपडे बुडवणारी ही बाई. धोब्याचं निळीचं पाणीसुद्धा तिने कधी ओतून दिलं नव्हतं. आणि इथे दुपारभर धो धो वाया चाललंय आणि हा शहाणा हात चोळत बसलाय. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अरे, मग सांगायला तोंड नव्हतं का तुला?" असं म्हणून तिने इस्त्री घेतली आणि सरळ खिडकीपाशी टेबल ओढलं. पिशवीचं काय झालं, हे त्या दुपारी कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून दुपार ताईची झाली. घरातले कपडे संपले तेव्हा शेजारची नर्स आपले गणवेश देऊन गेली. मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला, मग शाळेतल्या बाई. पंप थांबला की भाऊ हाक मारायचा, "ताई, घे आता." ताई पदर खोचून उभी राहायची. खिडकीतून ऊन पाठीवर, हाताखाली गरम कापड, त्याचा तो ओळखीचा वास. भावजय समोर भाजी निवडत गप्पा मारायची. ताई हसायला लागली, चार घास जास्त जेवायला लागली. आपण या घराच्या कामाचे आहोत, हे तिला रोज दुपारी डोळ्यांना दिसत होतं.

आणि तिथेच तर घोटाळा होता. काम दिसतंय म्हणून आपण या घरात आहोत, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

मग ऋतू बदलला. आभाळ भरून आलं आणि तसंच राहिलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं राखाडी झाकण. पहिल्या दिवशी भावाने पडदा बघून सांगितलं, "ताई, आज सुट्टी." दुसऱ्या दिवशी पंपसुद्धा जेमतेम चालला. नवरा-बायकोला काहीच वाटत नव्हतं. ढग आले की हे घर गप्प बसायचं, हीसुद्धा त्यांची रीतच होती. वाचायचं, लोळायचं, धुणं साठू द्यायचं. पण ताई सकाळी उठली की आधी खिडकीशी. नर्सच्या गणवेशांचा गठ्ठा तसाच पडलेला बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. जेवायला बसली की अर्धी पोळी ठेवायची. भावजयीने वाढायला हात पुढे केला की म्हणायची, "नको गं, काम कुठे केलंय आज."

पुढच्या सकाळी भाऊ बाहेरच्या खोलीत आला तर ताई चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसलेली.

"कुठे निघालीस?"

"जाऊन येते जुन्या शेजारणीकडे. इथे आता नुसती बसूनच आहे मी." आणि मग अगदी सहज, दुकानात निरोप ठेवावा तशी ती म्हणाली, "ऊन पडलं की येईन."

भाऊ उभाच राहिला. एवढं मोठं घर स्वतःच्या हातांनी उभं करणारा माणूस, त्याला हे वाक्य कुठून उचलायचं तेच कळेना. आपण हिला दुपारची इस्त्री दिली, तेव्हा फार शहाणपणा केला असं वाटलं होतं. आणि हिने त्याचा अर्थ काय लावला!

तो तिच्यासमोर खाली फरशीवरच बसला. गुडघे दुखतात म्हणून तो कधी खाली बसायचा नाही.

"ताई, आई गेली तेव्हा मी तुझ्या काय कामाचा होतो?"

"हे काय मधेच?"

"सांग की."

ताईने खरं काय ते सांगितलं. तिला खोटं कधी जमलंच नाही. "काही कामाचा नव्हतास. उलट ताप होता नुसता. मी इस्त्री करायला लागले की कोळसे सांडायचास. एकदा कुणाचं तरी लग्नातलं जाकीट जाळलंस. मालकाच्या शिव्या मी खाल्ल्या."

"मग मला कुठे पाठवून का नाही दिलंस?"

ताईने मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. भावाने तिच्या पायातल्या चपला काढल्या, आधी एक, मग दुसरी, आणि दाराशी आपल्या चपलांशेजारी नेऊन ठेवल्या. परत येताना त्याने डोळे बाहीला पुसले.

"मी बोलायला येडा आहे ताई. तुला माहितीये. पण हे घर बांधलं तेव्हा ती कोपऱ्यातली खोली मी तुझीच म्हणून बांधली. इस्त्रीसाठी नाही. तू यावीस म्हणून. तू आलीस, माझं झालं."

"सांगायला तोंड नव्हतं का तुला," ताई म्हणाली. पण या वेळी ती उठली नाही.

भावजयीने आतून सगळं ऐकलं होतं. तिने ताईच्या हातातली पिशवी घेतली, आत नेली आणि तिच्यातले कपडे एकेक करून कपाटाच्या फळीवर लावले. मग येऊन तीही तिथेच फरशीवर टेकली. बाहेर राखाडी आभाळ तसंच होतं. दिवा लावायचा प्रश्नच नव्हता. भावाने थोड्या वेळाने ताईच्या पायाशी पाय पसरले आणि तिच्या गुडघ्याला डोकं टेकून डोळे मिटले. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर चार केस. ताईने त्यांच्यातून हात फिरवला. तो घोरायला लागला तशी ती हललीसुद्धा नाही. पाठ कधी मागे खुर्चीला टेकली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दार वाजलं. नर्स होती, गणवेशांची चौकशी करायला आलेली. भावजय उठून दाराशी गेली.

"नाही झाले हो अजून. ऊन कुठाय?"

"आणि ताई कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?"

ताईचं अंग सवयीने उठायला निघालं. गुडघ्याला डोकं टेकलेलं होतं म्हणून ते थांबलं.

"बऱ्या आहेत की," भावजय म्हणाली. "नुसत्या बसल्यात."