माझ्या डाव्या तोंडाची कणीक

मित्रांनो, मी जुना झालो असेन, पण अजून पखवाजच आहे. पुस्तकं ठेवायचं स्टूल नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कळंबच्या आमच्या घरात मधे कित्येक महिने ते कुणाच्या लक्षातच नव्हतं.

मी मूळचं शिसवीचं खोड. कारागिरानं मला आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं, चामड्याच्या पट्ट्यांनी करकचून आवळलं आणि उजव्या तोंडावर काळी शाई भरली. डावं तोंड मात्र कोरंच ठेवलं. वाजवण्याआधी तिथं दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं माझा खर्ज निघतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. नाहीतर ती वाळते, कातडं ताणतं आणि उंदरांची चंगळ होते. एवढंच माझं पथ्य. फार आहे का हो?

मठातल्या शिवनाम सप्ताहात मी बरीच वर्षं वाजलो. शंभुलिंग गुरुजी मला पुढ्यात घेत, तेव्हा दारात चपला काढणारी माणसंही तिथंच थबकत. गुरुजींचे हात थकले, तसं त्यांनी मला आपल्या शिष्येच्या, शिवप्रियाच्या स्वाधीन केलं. पोरगी गुणी. संगीताच्या पदवीची चारही वर्षं तिनं मला वसतिगृहात सोबत ठेवलं. भल्या सकाळी वाटीत स्वतः कणीक भिजवायची आणि बोल घोटायची. विद्यापीठात ती पहिली आली. लोकांनी तिच्या हातांचं कौतुक केलं, माझ्याही आवाजाचं केलं. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, की चार वर्षांच्या पदवीला चांगले गुण असले तर थेट पीएचडी करता येते, आणि वादनासारख्या विषयातही करता येते. तिथून माझे हाल सुरू झाले.

"पखवाज वाजवून डाक्टर होतंय व्हय कुणी?" तिचे वडील शांतलिंगअप्पा म्हणाले. त्यांचं धान्याचं दुकान आहे. "मुलाखतीत न्हाय घेतलं, तर गपगुमान दुकानात बसायचं. बघ बाई."

शिवप्रियानं मान हलवली आणि लॅपटॉप उघडला, तो उघडाच राहिला. विषय पाच वेळा बदलला. शेवटी कुठला घेतला असेल? 'पखवाजाच्या नादावर कणकेचा होणारा परिणाम'! आणि मित्रांनो, ती हे टाइप करत होती तेव्हा मागे कधीतरी थापलेली कणीक माझ्या तोंडावर वाळून खडखडीत झाली होती. माझ्यावर संदर्भग्रंथांची चळत, त्यावर चहाचा कप. मला ओरडावंसं वाटायचं. पण पखवाज स्वतःहून वाजत नाही, हीच तर अडचण आहे.

मुलाखतीचा दिवस आला. अर्धी मुलाखत बोलायची होती, अर्धी वाजवायची. सकाळी पडद्यावर दाखवायची चित्रं जुळवता जुळवता ती आतल्या खोलीतून ओरडली, "आई, डब्यात जरा कणीक भिजवून दे गं! वेळ न्हाय मला!"

आईनं, म्हणजे महादेवीबाईंनी, ती दिली. माझ्यावरची पुस्तकं उतरवून, वाळकी कणीक घाईनं खरवडून शिवप्रियानं मला उचललं आणि आम्ही एसटीनं विद्यापीठात पोचलो. बोलण्याचा भाग झकास झाला. मग तिनं डबा उघडून माझ्या डाव्या तोंडावर गोळा थापला आणि पहिला 'धा' मारला. गोळा सरकला. दुसऱ्या थापेला तो निसटून थेट समोरच्या प्राध्यापकबाईंच्या पायाशी पडला.

बाईंनी तो उचलला, बोटांत चोळला आणि विचारलं, "ही चिकटत का नाही?"

शिवप्रियानं पडद्याकडे पाहिलं. तिथं उत्तर नव्हतं. तिनं कणीक हुंगली आणि तिचा चेहरा उतरला. "तेल हाय ह्यात. मीठ पण. पोळ्यांची कणीक हाय ही. मी भिजवली न्हाय."

"मग पुढच्या फेरीला या," बाई म्हणाल्या. "स्वतः भिजवून."

घरी येताच ती आईवर कडाडली, "तेल कशाला घातलंस? समदं वाटोळं झालं!"

"अगं, परगावी चाललीस, मैत्रिणीकडं पोळ्या लाटशील म्हणून मऊ भिजवली," महादेवीबाई कळवळल्या. "कणीक त्याला लागती, हे मला कधी सांगितलंस का गं? मठात मी लांब बसायची. घरात तू दार लावून बसतीस."

शिवप्रियानं हातातला डबा खाली ठेवला. मलाही पटलं. कारण खरंच, इतक्या वर्षांत त्या माउलीचा हात मला कधी लागलाच नव्हता.

शिवप्रियानं मला पुढ्यात घेतलं, तेलकट तोंड कोरड्या पिठानं पुसून घेतलं आणि आईला जवळ बसवलं. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. महादेवीबाईंनी भीत भीत गोळा थापला. "एवढी बास?" शिवप्रियानं थाप मारली. "अजून थोडी." पुन्हा थाप. मग माझा खर्ज असा निघाला, की दुकानातून आलेले शांतलिंगअप्पा पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले. दुकानाचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, नंतरही नाही.

पुढच्या फेरीपर्यंत लॅपटॉप रोज संध्याकाळी बंद होत होता. मुलाखतीत त्याच बाईंनी विचारलं, "या वेळी कणीक कुणी भिजवली?"

"आईनं," शिवप्रिया म्हणाली, "मी शिकवल्यावर." आणि तिनं वाजवलं. कणीक जागची हलली नाही. प्रवेश मिळाला.

तेव्हा मित्रांनो, माझ्यावर खुशाल ग्रंथ लिहा, पण लिहिता लिहिता मला वाजवायलाही विसरू नका. जे शिकता, ते घरच्यांनाही सांगा. आणि वाजवून झाल्यावर कणीक खरवडा हो! प्रवेशाच्या आनंदात आमच्या होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई ती आजही विसरल्या होत्या. महादेवीबाईंनी खरवडली.