नऊ नंबरच्या खोलीची किल्ली

सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी नगर कार्यालयासमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळाच्या मनोऱ्याला टांगलेली काचेची पेटी दोरीने हळूहळू खाली येत होती आणि तिच्याबरोबर हजारभर माना खाली येत होत्या. पेटीत पितळेची नळी, नळीत कागद आणि कागदावर कालच्या निवडणुकीचा निकाल. तोही मतदानाच्या सात दिवस आधी लिहून ठेवलेला!

लिहिणारे आकडेबाबा व्यासपीठावर गादी टाकून, डोळे मिटून बसले होते. आजवर त्यांनी कुणाला हरवलेल्या सायकलीचा पत्ता सांगितला होता, कुणाला होणाऱ्या बाळाचं वजन. सायकल सापडली नव्हती आणि बाळ भलत्याच वजनाचं निघालं होतं, पण एवढं लक्षात ठेवायला वेळ कुणाला होता?

"बाळांनो, हात माझा होता, पण आकडा वरून आला!" बाबा गरजले. "शून्यातून एक आला, एकातून अनेक आले आणि अनेकांतून आपले अध्यक्षसाहेब आले!"

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या अध्यक्षांनी नम्रपणे मान खाली घातली. गेली पंधरा वर्षं गाव त्यांच्याच मुठीत होतं. यंदा त्यांच्यासमोर उभी होती गावातली सुईणबाई, निम्म्या मतदारांना तिनंच या जगात आणलेलं.

गर्दीच्या कडेला गणिताच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा दंड सासूबाईंनी घट्ट धरला होता. सासूबाई बाबांच्या पक्क्या भक्त. गुडघ्यांनी जीव नकोसा केला असतानाही पुढची जागा मिळावी म्हणून भल्या पहाटे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तू नुसती बेरीज-वजाबाकी करत बस," त्या सुनेला म्हणाल्या. "इथे साक्षात चमत्कार चाललाय."

मुख्य निवडणूक अधिकारी ध्वनिक्षेपकासमोर आले. मतदान शाळेच्या बारा खोल्यांत झालं होतं. ते एकेका खोलीचा सरकारी आकडा वाचत आणि पाठोपाठ बाबा नळीतल्या कागदावरून आपला आकडा वाचत. पहिली खोली जुळली. दुसरी जुळली. तिसरीला टाळ्या पडल्या, पाचवीला लोकांनी हात जोडले, सातवीला सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"खोली नंबर नऊ," अधिकारी म्हणाले. "अध्यक्ष, पाचशे सात. सुईणबाई, दोनशे चोवीस."

"पाचशे सात! दोनशे चोवीस!" बाबा ओरडले आणि चौक दणाणला.

बाईंचा हात आपोआप पर्समध्ये गेला. रुमालाखाली एक जाडजूड लोखंडी किल्ली होती. ती नऊ नंबरच्या खोलीची होती.

बाराही खोल्या जुळल्या. अध्यक्ष निवडून आले, बाबांना हार पडले आणि अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, "कुणाची हरकत असेल तर बारा वाजेपर्यंत लेखी द्या. त्यानंतर मतपेट्या कागदाच्या कारखान्यात लगद्यासाठी रवाना होतील."

"देवानंच मोजलंय, आता हरकत कसली?" कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

एक माणूस मात्र हसत नव्हता. बाजारातले तराजू दुरुस्त करणारे काटेवाले खांबाला टेकून उभे होते. दुकानदारांनी पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. या निवडणुकीत त्यांनी दहा नागरिक जमवले होते. नियमाप्रमाणे प्रत्येक खोलीच्या दारावर तिथल्या मतमोजणीचा कागद लागतो. या मंडळींनी ते सगळे कागद वहीत उतरवून घेतले होते. त्यांच्या बेरजेत सुईणबाई सहाशे पस्तीस मतांनी पुढे होती. सकाळपासून ते वही घेऊन फिरत होते आणि सकाळपासून शिव्या खात होते.

"बाई, मी हरलो," ते म्हणाले. "लोक विचारतात, देव खोटा आणि तुझी वही खरी? काय सांगू? पेटी टांगली त्या दिवशी मीच भांडून तिला माझं शिशाचं सील ठोकलं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन पाहिलं. आज पेटी उघडायच्या आधीही पाहिलं. सील जसंच्या तसं होतं. नळी बदलली नाही, कागद बदलला नाही. युक्ती कुठे आहे तेच सापडत नाही मला."

"तुमच्या वहीत नऊ नंबरचा आकडा आहे?"

"नाही. नऊच्या दारावर कागदच नव्हता. आमच्या पोरांकडून राहिला असेल."

"राहिला नाही, काटेवाले. तिथे मतदान झालंच नाही. त्या खोलीची मुख्य मीच होते. मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसहाला दार उघडलं तर छताचा गिलावा पंख्यासकट खाली आलेला. कुलूप लावलं, दारावर चिठ्ठी लावली आणि सगळे मतदार आठ नंबरमध्ये नेले."

काटेवाल्यांनी वहीतली नऊ नंबरची रिकामी ओळ उघडून पाहिली.

"तुमचं सील शाबूत होतं ते फार बरं झालं," बाई म्हणाल्या. "पेटीत युक्ती नाहीच. कागद खरोखरच सात दिवस आधी लिहिलेला आहे. बाबांचा आकडा निकालाशी जुळला नाही हो. खोटा निकालच आधी तयार होता, बाबांचा आकडा त्यावरून उतरवलाय! दोन्ही एकाच टेबलावर लिहिले गेले. तेव्हा छत जागेवर होतं."

काटेवाल्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी आठवडाभर पारड्याखाली शोधत बसलो, आणि खोट वजनातच होती."

बाई तडक मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या. खोलीच्या मुख्याला आपल्या खोलीचा कागद पाहण्याचा हक्क असतो. अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालत नऊ नंबरचा कागद पुढे सरकवला. खाली सही होती. हुबेहूब बाईंची. बावीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर केलेली, गावातल्या घराघरांत पोचलेली सही. बाईंना संतापाने रडू यायच्या बेतात होतं. या सहीवर विश्वास ठेवून आईबापांनी पोरांना शाबासकी दिली होती, आणि आज तीच सही अख्ख्या गावाचं मत चोरत होती.

"ही मी केलेली नाही."

"असं?" अधिकारी खुर्चीत मागे रेलले. "मग तुम्ही ड्युटीवर हजर नव्हता. चौकशी, निलंबन, पेन्शन, सगळं आलंच. नाहीतर सही तुमची आहे, विषय संपला. दोन्हींपैकी काय लिहू?"

"तिसरं लिहा. सही खोटी आहे."

"पुरावा?"

बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. छत पडल्याचा आणि मतदार आठ नंबरमध्ये नेल्याचा अहवाल, मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता दिलेला, त्याची ही प्रत. त्यावर याच कार्यालयाचा 'मिळाले' असा शिक्का होता. अधिकाऱ्यांनी तो बहुधा पहिल्यांदाच वाचला, कारण वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"शिक्का मारून फाइलला लावलात," बाई म्हणाल्या. "वाचायचा राहिला. ही माझी लेखी हरकत. सगळ्या पेट्या लोकांसमोर मोजा. पोच द्या."

"बाई, तुम्हाला घरदार आहे…"

"आहे. आणि सासूबाई बाहेर उभ्या आहेत. पोच द्या."

पोच मिळाली, पण फेरमोजणीचं बघू, वरून विचारतो, असं म्हणून अधिकाऱ्यांनी फोन उचलला. घड्याळात पावणेअकरा झाले होते. कार्यालयाच्या मागच्या दाराशी पेट्या न्यायला ट्रक येऊन उभाही राहिला होता.

बाई बाहेर आल्या आणि सरळ व्यासपीठावर चढल्या. कुणीतरी चटकन ध्वनिक्षेपकाची तार उपटली. उपटणाऱ्याला वाटलं, संपला आवाज. पण साठ-साठ पोरांच्या वर्गाला आयुष्यभर पाढे शिकवलेली बाई ती!

"नऊ नंबरच्या यादीत ज्यांचं नाव आहे, त्यांनी हात वर करा!"

निम्मी गर्दी त्यांच्याच विद्यार्थ्यांची. विचार करायच्या आधीच हात वर गेले. शेकडो हात. त्यांत सासूबाईंचाही होता.

"मत कुठे दिलंत?"

"आठमध्ये!" दहा-बारा तोंडांतून एकदम आलं.

"का?"

"का म्हणजे?" सासूबाई तडकल्या. "नऊला हे एवढं कुलूप! हात लावून परत आले मी. मग आठच्या रांगेत दोन तास उभी. गुडघे अजून ठणकतायत!"

"मग आई, नऊ नंबरमध्ये सातशे एकतीस मतं दिली कुणी?"

सासूबाईंचा हात वरच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग व्यासपीठावरच्या गादीकडे. बाबांनी प्रसंग ओळखून डोळे मिटले.

"देह आठमध्ये होता, बाळांनो! पण आत्मा… आत्मा आपल्या ठरलेल्या खोलीत जातो! सूक्ष्म रूपाने तुम्ही नऊमध्येच मत दिलंत!"

"बाबा," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आत्म्यानं त्या अध्यक्षाला मत दिलं असतं तर मला कळलं असतं! आणि आत्म्यानं जायचंच होतं तर माझे गुडघे कशाला झिजवलेत?"

पहिलं हसू कुठून फुटलं कुणास ठाऊक, पण मग ते आवरेना. सात दिवस हात जोडून उभी असलेली माणसं पोट धरून हसली आणि हसता हसता चिडली. बाईंनी किल्ली उंच धरली.

"हसणं पुरे. चला, बघून घ्या."

शाळा रस्त्यापलीकडेच होती. बाईंनी कुलूप उघडलं. आत टेबलांवर, बाकांवर, जमिनीवर गिलाव्याचा खच. वाकलेला पंखा उलटा पडलेला. कोपऱ्यात रिकामी मतपेटी, तिची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. कोऱ्या मतपत्रिकांचे गठ्ठे धुळीने पांढरे झालेले. लोक एकेक करून दारातून डोकावले. सासूबाई सगळ्यात पुढे होत्या.

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "आधी खोटा निकाल टाइप झाला. त्यातले आकडे बाबांच्या कागदावर लिहिले. कागद पेटीत घातला आणि आज तोच निकाल सरकारी म्हणून वाचला. जुळणारच की! हे नाटक कशासाठी? तर चमत्कार दिसला की फेरमोजणी कुणी मागत नाही म्हणून. त्यांनी फक्त आपले हात जोडलेले ठेवले. बाकी सगळं आपणच केलं. बाबांना सातशे एकतीस मतं दिसली. एवढं मोठं छत पडलेलं नाही दिसलं!"

काटेवाल्यांच्या दहा माणसांना कुणी सांगावं लागलं नाही. ते जाऊन ट्रकसमोर आडवे बसले. त्यांच्यामागे शंभर बसले, मग मोजता येईनात इतके. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरून बसला. साडेअकराला अधिकारी घाम पुसत आले आणि फेरमोजणीच्या कागदावर सही केली. ही सही मात्र खरी होती, सगळ्यांनी वाकून पाहिली. आकडेबाबांची गादी तेव्हा रिकामी होती. शाल तेवढी राहिली होती.

दुपारी शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली गेली. प्रत्येक मतपत्रिका उलगडून, उंच धरून, दोन्ही बाजूंच्या माणसांना दाखवून बाजूला ठेवायची, असा नियम बाईंनी फळ्यावर लिहिला. संध्याकाळी शेवटचा गठ्ठा संपला तेव्हा काटेवाल्यांनी आपली वही शेजारी उघडून ठेवली. आकडा शेवटच्या मतापर्यंत जुळला. सुईणबाई सहाशे पस्तीस मतांनी निवडून आली होती.

"हाही चमत्कारच म्हणायचा!" कुणीतरी म्हणालं.

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर मोजलंय. विश्वास बसत नसेल तर परत मोजा, तोच आकडा येईल. खऱ्या आकड्याला परत मोजल्याची भीती नसते. उद्या कुणीही येऊन आकडा सांगेल, भगवे घालून सांगेल नाहीतर कोट घालून. सांगणारा किती मोठा आहे ते बघू नका. मोजलं कसं, कुणासमोर, आणि मला परत मोजू देता का, एवढं विचारा. जो मोजू देत नाही, त्याचा आकडा घेऊ नका."

सासूबाई पटांगणाच्या कडेला बाकावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. दिवसभर त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं नव्हतं. आता त्यांनी बाटलीला बूच लावलं.

"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या, "मोजणीच्या टेबलापाशी माझी खुर्ची मांड. अगदी जवळ. सात दिवस वर बघून मान अवघडली माझी."