दुमडलेलं ‘नाही’

मी पूड बोलतेय. वाटाण्याची पूड. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी दोन बोटं उरले आहे. ओल लागून माझा एकच खडा झालाय, म्हणून बोलणं जरा जड येईल.

मी वाटाणा होते तेव्हाचं फारसं आठवत नाही. मला दळलं, त्यातलं प्रथिन वेगळं काढलं आणि मोठ्या टाकीत कोमट पाण्यात सोडलं. वरून पाचक रस घातला. जेवणाचं जे पोटात होतं, ते माझं टाकीत झालं. माझे तुकडे झाले, तुकड्यांचेही तुकडे झाले. दुखलं नाही. इतके तुकडे झाल्यावर दुखायला कोणी उरत नाही. तेव्हापासून मी कडू आहे एवढंच.

कारखान्यातल्या तपासणीवाल्या बाई मला काचेच्या नळीत घालून बघायच्या. माणसाच्या अंगात रक्ताच्या नळ्या आवळून धरणारं काहीतरी असतं. माझे बारीक तुकडे त्याला थोडं अडवतात, असं त्यांना दिसलं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्याही तेच करतात. पण गोळी म्हणजे कुलूप, मी नुसती कडी.

“नळीत हुशार आहे,” बाई म्हणाल्या, “पण माणूस म्हणजे काही नळी नव्हे.”

उंदरांना पाजलं तेव्हा त्यांचा रक्तदाब उतरला होता. मोजक्या माणसांना दिली, तर काहींचा जरासा उतरला, काहींचा जागचा हलला नाही. म्हणून बाईंनी लेबलावर शेवटची ओळ मुद्दाम घालून घेतली: ही पूड औषधाच्या ऐवजी घेण्याची नाही.

लेबलं लावायला एक तरुण बाई होती. दहा महिन्यांची मुलगी सासूजवळ ठेवून कामावर यायची आणि सारखी घरी फोन लावायची. उठली का, प्यायली का, अंग गरम नाही ना. मुकादम म्हणायचा, पोरगी घरी, तुमचा जीवही घरी, मग इथे आलंय कोण?

त्या दिवशी डबे लहान आणि लेबलं मोठ्या डब्यांची आली. मुकादम म्हणाला, लांब पडतंय तेवढं टोक आत दुमडा, त्याने काय होतंय. तिने दुमडलं. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता. ओळीतला शेवटचा शब्द आत गेला आणि वरून डिंक बसला.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्या बाईंनी ते डबे विकायला सोडले नाहीत. लेबलं वाकडी आहेत, एवढंच मुकादमाने कामगारांना सांगितलं आणि ज्याला हवा त्याने एक डबा न्यावा म्हणाला. मी अशी त्या बाईच्या घरी आले. तिने मला सासूला दिलं. थकता तुम्ही आई, पाण्यातून घेत जा.

सासूबाई रोज सकाळी दाबाची गोळी घ्यायच्या. त्या गोळीने त्यांना कोरडा खोकला यायचा, आणि खोकला आला की नुकती झोपलेली नात दचकून उठायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्रास वाढला तर या, गोळी बदलू. पण पोरीला कोणाजवळ ठेवून जाणार? त्या तोंडावर पदर दाबून खोकायच्या.

एका सकाळी त्यांनी मला खिडकीत धरलं आणि बोट ठेवून वाचलं. ही पूड औषधाच्या ऐवजी घेण्याची. पुन्हा वाचलं. मग गोळ्यांचं पाकीट डाळीच्या डब्यामागे ठेवून दिलं. सुनेला बोलल्या नाहीत. मला मात्र घोटाघोटाला नावं ठेवली. म्हणे कारल्याची सख्खी बहीण.

दोन-तीन आठवड्यांत खोकला गेला. पोरगी दुपारची दोन-दोन तास झोपू लागली. आई, खोकला थांबला की तुमचा, सून म्हणाली. तुझ्या पुडीचा गुण, सासू म्हणाल्या. दोघी हसल्या. मला काहीच वाटलं नाही. माझ्याने काय झालं आणि काय नाही, ते मला कधीच कळलेलं नाही.

मग एक दिवस नाश्त्याच्या वेळी, नात डाव्या कडेवर, मी पेल्यात, आणि सासूबाईंचा डावा हात लुळा पडला. भिंतीला पाठ लावून त्या हळूहळू खाली बसल्या, पोर मांडीत येईल अशा बेताने. पेला आडवा झाला. मी फरशीवर पसरले. पोर रडली म्हणून शेजारीण आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या? सून म्हणाली, रोज घेतात. सासूबाईंनी जड जिभेने सांगितलं, डब्यावर लिहिलंय.

घरी येऊन तिने नखाने लेबल सोडवलं. दुमड उलगडली. नाही.

ती रडली नाही. बाटली उकळली, मुलीला पाजलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगून कामगारांनी नेलेले सगळे डबे परत मागवले आणि प्रत्येकावर जाड पेनने तो शब्द लिहिला. तेवढं करून दवाखान्यात सासूच्या खाटेशी जाऊन बसली.

“आई, ते लेबल मी लावलं होतं.”

सासूबाईंनी उजव्या हाताने तिचा हात जवळ ओढला.

“मला खोकला घालवायचा होता,” त्या म्हणाल्या. “हवं तेवढंच वाचलं मी. आणि हात सुन्न झालाय तेवढा पुरे. सून कशाला सुन्न?”

आता त्यांची गोळी बदललीय. खोकला येत नाही. सून फोन करते तेव्हा आधी गोळीचं विचारते, मग पोरीचं. हाताला व्यायाम सांगितलाय, त्यासाठी सासूबाईंनी माझं झाकण निवडलंय. रोज डाव्या हाताने फिरवायचं. अजून फिरत नाही. नातीला त्या कडेवर घेत नाहीत, नुसती शेजारी बसवतात.

मला घ्यायचं तर घ्या, नको तर फेका, माझं काही म्हणणं नाही. पण कुठली गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि डबा पूर्ण फिरवून वाचा. आपल्या बोलण्यात ‘नाही’ अगदी शेवटी येतं.

सासूबाई आल्या. झाकणावर हात ठेवलाय. त्यांना झाकण जाणवतंय का, ते कळत नाही. मलाही हात जाणवत नाही. पण झाकण जरासं सरकलं.