सत्तावीस नंबरवरचे रोडगे

प्लॉटच्या सिमेंटच्या खुंटावरचा सत्तावीसचा आकडा अजून वाचता येत होता, सातचं शेपूट तेवढं मातीत गेलेलं—शकुननं चपलेच्या टोकानं माती सारली, जणू आकडा पुरता दिसला की भावही पुरता मिळणार होता... येडीच आहेस तू, शकुन. सहा वर्षांपूर्वी हा खुंट ताठ होता. आता तो उताराकडे कलला होता, आणि उताराच्या तळाशी, वाळल्या गवतात, गेल्या पावसाळ्यात वाहत आलेल्या पिशव्या अडकून बसल्या होत्या.

"घेणारी पार्टी बारा लाख म्हणते," गजेंद्र म्हणाला. तिचा धाकटा भाऊ. अमरावतीत प्लॉटांची दलाली करणारा, आणि हा प्लॉट तिच्या गळ्यात घालणाराही तोच. "अठराचे बारा म्हणजे लागते जिवाले, ताई, मले समजते. पण नाला लागून आहे. सोडून दे सहा."

नाला. हा शब्द त्याच्या तोंडून ती आज पहिल्यांदा ऐकत होती. अकोल्याच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून उभं राहून मिळालेला पैसा तिनं इथं ओतला, तो एकदाच जागा बघून—मार्गशीर्षातली दुपार, गजेंद्रनं रोडग्यांची पार्टी ठेवलेली, गोवऱ्या त्यानं स्वतः रचल्या त्या ह्याच उताराच्या तळाशी, खोलगट जागेत, "इथी वारा नाही लागत, ताई," आणि आपण पदर खोचून खाली उतरलो. निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांतला पहिला रोडगा राख झटकून, तुपात बुडवून त्यानं आपल्याच हातात ठेवला, वांग्याची भाजी द्रोणातून गळत होती... नवरा गेल्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर हसली होती. म्हणजे नाल्यात बसून जेवलो आपण. आणि कुठं बसवतोय, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे शेजारच्या प्लॉटवरच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाही तिनं त्याचीच बाजू घेतली होती. स्वतःच्या मुलीला, आरतीला, दटावलं होतं—मामाला बिचाऱ्याला काय माहीत?

"त्याईले नाल्याचं कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

"मीच." त्यानं मोबाईल खिशात घातला. "लपवून कसं चालन? उद्या पाणी भरलं तं माह्याच दारी येतीन. धंद्यात खरं बोला लागते."

"अन् मले?"

तो तिच्याकडे बघत राहिला, खरोखरच कोड्यात पडल्यासारखा. "तू इचारलंच कुठी, ताई?"

खरंच होतं ते. विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं तिला तेव्हा वाटलं असतं. कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ—त्याला काय विचारायचं? परक्यानं विचारलं, त्याला खरं मिळालं. तिला तूप मिळालं. सहा लाख जातात याचं दुःख होतंच, कसं नसणार, गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे त्यातच होते... तरी तेवढी सूट ती देईल, सोसेल. पण ती मार्गशीर्षातली दुपार? ती कितीला सोडायची?

"देऊन टाक बारानं," ती म्हणाली.

गजेंद्र सुटल्यासारखा हसला. "झाला सौदा की ये एक दिवस. रोडगे करू, माह्या वावरात."

आणि मेल्या जिभेला काही लाज नव्हती. तोंडाला पाणी सुटलं. तिनं ते मुकाट्यानं गिळलं, कलत्या खुंटाला हात टेकून वर चढली, आणि थुंकायला हवं होतं, हे तिला ऑटोत बसल्यावर सुचलं.